जुनी गाडी तापते तेव्हा: कारण कसं शोधायचं आणि दुरुस्ती कशी करायची

जुन्या गाडीचा तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला की नवशिके घाईघाईने भाग बदलायला घेतात. आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकतात, मग वॉटर पंप नवा बसवतात, शेवटी रेडिएटर. एवढं करूनही गाडी तापतेच, कारण बिघाड कुठे आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं. तापणं हे लक्षण आहे. ते नेमकं केव्हा दिसतं एवढं नीट पाहिलं तरी अर्धं निदान होतं. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी गाडीकडे नीट बघायला शिका.

पुढचं सगळं पाण्यावर थंड होणाऱ्या, कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) आणि डिस्ट्रिब्यूटर (सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) असलेल्या पेट्रोल गाड्यांबद्दल आहे. फोक्सवॅगन बीटलसारख्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांचं तंत्र वेगळं असतं, त्यामुळे ती इथे घेतलेली नाहीत.

रस्त्यातच गाडी तापली तर

गर्दीत सावकाश चालताना काटा चढत असेल, पण अजून लाल खुणेला टेकला नसेल, तर हीटर पूर्ण चालू करा. हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनातली बरीच उष्णता ओढून घेतो. गाडी उभी असेल तर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाचे फेरे थोडे वाढवा. जुन्या गाड्यांत पंखा आणि पंप दोन्ही इंजिनाच्या पट्ट्यावर (बेल्टवर) फिरतात, फेरे वाढले की दोघांचं काम वाढतं. एवढं करूनही काटा लाल खुणेपर्यंत गेला, किंवा वाफ दिसली, तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं. झाकण सैल होताच दाब सुटतो, त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि चेहरा, हात भाजून निघतात. रेडिएटरचा वरचा होज पाइप (रबरी नळी) हाताने सहज दाबता येईल इतका थंड आणि मऊ होऊ द्या. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढा वेळ द्यायलाच हवा. त्यानंतर झाकणावर जाड फडकं टाका, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, उरलेला दाब जाऊ द्या आणि मग काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी भसकन ओतलं तर हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) किंवा ब्लॉकला (सिलिंडर असलेल्या मुख्य भागाला) तडा जाऊ शकतो. इंजिन पुरेसं निवल्यावर ते चालू ठेवून, थोडं थोडं पाणी घाला.

गाडी बंद केल्यावर काटा दोन-तीन मिनिटं वर चढला तर घाबरू नका. पाणी फिरायचं थांबतं आणि धातूत साठलेली उष्णता त्यात उतरते, म्हणून तसं होतं. काटा ठीक असताना गरम इंजिन अचानक बंद पडतं आणि पुन्हा सुरू होत नाही, तेव्हा बहुधा पेट्रोलच्या नळीत वाफ अडकलेली असते. तो इंधनाचा प्रश्न आहे, त्यासाठी रेडिएटर खोलू नका.

केव्हा तापते ते लिहून काढा

वहीत लिहा: उभी असताना तापते की पळताना? थंड इंजिन सुरू केल्याबरोबर तापते की तासाभराने? पाणी कमी होतं का, आणि झालं तर गळताना दिसतं का? त्याआधी गाडीला काय केलं होतं? शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो. ट्यूनिंग, रंगकाम किंवा इंजिनाची दुरुस्ती झाल्यानंतर गाडी तापू लागली असेल, तर बिघाड त्या कामातच शोधा.

उभी असताना किंवा गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर रेडिएटरमधून हवा कमी जाते आहे. पंखा, बेल्ट, पंख्याभोवतीचं कडं, रेडिएटरच्या पापुद्र्यांतला (नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांतला) कचरा यांच्याकडे बघा. गर्दीत ठीक असते पण वेगात किंवा चढावर तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही, रेडिएटर आतून चोंदलाय किंवा इग्निशनचं टायमिंग मागे गेलंय, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय. कधीही, कसंही, अचानक तापते तेव्हा पाणी कुठून तरी जातंय किंवा थर्मोस्टॅट बंदच अडकलाय. आणि थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला तर हेड गॅस्केटवर (हेड आणि ब्लॉकमधला सांधा बंद करणाऱ्या पातळ थरावर) संशय घ्या. पाणी तापायच्या आतच तिथे दाब आला, याचा अर्थ तो सिलिंडरमधल्या वायूचा आहे.

काटा खरं सांगतोय का?

दुरुस्ती करण्याआधी बिघाड खरा आहे का ते बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळवा, जुनी गाडी सांभाळणाऱ्याकडे तो असायलाच हवा. गरम इंजिनाच्या थर्मोस्टॅटच्या घरावर, म्हणजे तो ज्यात बसतो त्या धातूच्या कव्हरवर, तो रोखा. चकचकीत धातूवर तो खरं तापमान दाखवत नाही, नेहमी कमी दाखवतो. म्हणून तिथे आधी काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्या किंवा काळी टेप चिकटवा. थर्मामीटर ८५ ते ९० अंश सेल्सिअस दाखवत असेल आणि डॅशबोर्डवरचा काटा लाल खुणेवर असेल, तर इंजिन निरोगी आहे, बिघाड काट्यात, सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे.

१९६०-७० च्या दशकांतल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत तापमानाच्या आणि पेट्रोलच्या काट्याला एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर वीज पुरवतो. तो सरासरी १० व्होल्ट देतो. तो बिघडला, किंवा त्याचं अर्थिंग गंजलं, की दोन्ही काटे एकदम जास्त दाखवू लागतात. टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटाही भरलेली दाखवत असेल तर आधी हा छोटासा डबा तपासा.

पाणी आणि झाकण

थंड इंजिनात पाण्याची पातळी बघा. ज्या जुन्या गाड्यांना फुगलेलं पाणी साठवायची वेगळी बाटली नसते, त्यांत रेडिएटर गळ्यापर्यंत भरायचा नसतो, वर सुमारे दोन-अडीच सेंटिमीटर जागा रिकामी लागते. काठोकाठ भरलं तर तापून फुगलेलं पाणी बाहेर पडतं आणि पातळी आपोआप तिथेच येऊन थांबते. नवा मालक रोज पुन्हा भरतो, रोज पाणी सांडतं, आणि गाडी पाणी पिते अशी त्याची समजूत होते. पातळी एका जागी थांबते का ते दोन-तीन फेऱ्या बघा आणि मगच गळती शोधा.

झाकण हा या सगळ्या यंत्रणेतला सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित भाग. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळतं. झाकणाने ७ पीएसआय (दाबाचं एकक) दाब धरला तर ते साधारण १११ अंशांपर्यंत उकळत नाही, १३ पीएसआय धरला तर ११९ पर्यंत. रबर वाळलेलं असेल किंवा स्प्रिंग दमलेली असेल तर दाब टिकत नाही आणि शंभर अंशांच्या आसपासच पाणी उसळून बाहेर येतं, मग बाकी सगळं कितीही उत्तम असो. झाकणावर दाबाचा आकडा छापलेला असतो, तो तुमच्या गाडीच्या मॅन्युअलशी जुळतोय ना बघा. जास्त दाबाचं झाकण लावायचा मोह आवरा. जुन्या रेडिएटरचे झाळलेले सांधे आणि हीटर त्या दाबासाठी बनवलेले नाहीत. झाकणाच्या मध्यावर एक छोटा उलटा वाल्व्हही असतो. इंजिन थंड होताना वरचा होज चपटा होत असेल तर तो वाल्व्ह अडकलाय.

कूलंट (पाण्यात मिसळायचा ग्लायकॉलचा द्रव) शंभर टक्के घालू नका. ग्लायकॉलपेक्षा पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, त्यामुळे नुसत्या कूलंटवर गाडी उलट जास्त तापते. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालतं. नळाच्या जड पाण्याने आत क्षार साचतात. पितळ-तांब्याच्या, झाळलेल्या जुन्या रेडिएटरसाठी जुन्या पद्धतीचं, सिलिकेट असलेलं एथिलीन ग्लायकॉल कूलंट वापरा आणि दर दोन वर्षांनी बदला. हे कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं लगेच पुसा, काढलेलं उघड्या भांड्यात ठेवू नका.

हवा कुठून येते, कुठून निसटते

बेल्टचा ताण बघा: दोन चाकांमधल्या सर्वात लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १२ मिलिमीटर दबला पाहिजे. बेल्ट गुळगुळीत, चकाकता झाला असेल तर ताणून उपयोग नाही, बदला. पंख्याची पाती काही जण रंगकामानंतर उलटी बसवतात, तेही बघून घ्या. इंजिन चालू असताना पंख्याजवळ हात, ओढणी, मफलर, लोंबते धागे काहीही नको.

यापुढची गोष्ट नव्याने सजवलेल्या गाड्यांत फार आढळते. रेडिएटर आणि बॉडीच्या मधल्या फटी बंद करायला मुळात रबरी पट्ट्या आणि पत्र्याचे आडोसे असत. गाडी उघडून रंगवताना ते निघतात, मोडके दिसतात, फेकले जातात. मग समोरून आलेली हवा रेडिएटरच्या आतून जायच्याऐवजी कडेने निघून जाते, आणि गाडी उभी असताना इंजिनावरची गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते. चकचकीत गाडी प्रत्येक सिग्नलला तापते आणि मालक पंप बदलत बसतो. मॅन्युअलमधलं चित्र काढा आणि एकेक आडोसा जागेवर आहे का ते मोजा. जाळीसमोर लावलेले जादा दिवे आणि बिल्ल्यांची पट्टीही हवा अडवतात.

रेडिएटरच्या पापुद्र्यांत माती, किडे, तेल अडकलं असेल तर पाण्याची हलकी धार आतून बाहेर, म्हणजे इंजिनाच्या बाजूने समोर, मारा. जोरदार प्रेशरने पापुद्रे मोडतात. शेवटी इंजिन आयडलवर ठेवून समोरून रेडिएटरच्या पृष्ठभागाला कागद लावा. तो तिथे चिकटून राहिला पाहिजे. गळून पडला तर पंखा हवा ओढत नाही.

टायमिंग: पाण्यात न दिसणारं कारण

पाणी, झाकण, हवा सगळं ठीक असूनही गाडी वेगात तापते, तेव्हा लोक सरळ रेडिएटर उतरवतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की त्याआधी इग्निशन तपासा. त्याला काही खोलावं लागत नाही आणि दोषी बऱ्याचदा तेच असतं. ठिणगी उशिरा पडली की इंधनाचं जळणं लांबतं. पिस्टन खाली निघाला तरी ज्वाळा चालूच असते, आणि जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्ची पडायची ती सिलिंडरच्या भिंतींत आणि एक्झॉस्ट पोर्टभोवतीच्या पाण्यात जाते. गाडी मंदावते, पेट्रोल जास्त खाते आणि तापते. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर टायमिंग लाइट (ठिणगी केव्हा पडते ते दाखवणारा दिवा) आणा.

पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधला, उघडला की ठिणगी पाडणारा स्विच) आधी बघा. कॅमवर घासणारा तुकडा झिजला की पॉइंटमधलं अंतर कमी होतं, आणि अंतर कमी झालं की टायमिंग आपोआप मागे जातं. म्हणून आधी अंतर मॅन्युअलप्रमाणे लावा, नंतर टायमिंग. मग व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा): कार्ब्युरेटरकडून येणारी बारीक नळी काढा आणि तोंडाने ओढा. डिस्ट्रिब्यूटरच्या आतली पाटी सरकली पाहिजे आणि नळीच्या टोकाला जीभ लावून ठेवली तर तिथेच थांबली पाहिजे. सरकली नाही तर आतला पडदा फाटलाय किंवा पाटी गंजून अडकलीय. त्याखालची वजनं आणि स्प्रिंगाही सुटसुटीत हलतात का ते बघा. कार्ब्युरेटरचं मिश्रण फार पातळ असेल, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, तरीही इंजिन तापतं. इनलेट मॅनिफोल्डच्या (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून शिरणारी हवा हे त्याचं नेहमीचं कारण. ओढणाऱ्या ब्रेकमुळेही इंजिनावर भार पडतो. फेरी मारून आल्यावर चारही चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन बघा, एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त गरम आहे का.

थर्मोस्टॅट

काढून टाकणं हा उपाय नाही. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासचा मार्गही सांभाळतो. तो नसला तर काही पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतं. हे घडलं नाही तरी इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं आणि झिजतं. तपासणं सोपं आहे: पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर, दोन्ही तळाला टेकू न देता. त्यावर ८२ असं छापलेलं असेल तर ८२ अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. नवा बसवण्यापूर्वीही ही चाचणी करा. बसवताना थर्मोस्टॅटची मेणाची कुपी, म्हणजे तापून त्याला उघडणारा भाग, इंजिनाच्या बाजूला ठेवा.

गाळ

जुन्या गाडीचं खरं दुखणं बहुतेक वेळा इथे असतं. वर्षानुवर्षांचा गंज आणि ओतकामाच्या वेळची वाळूसुद्धा ब्लॉकच्या तळाशी, बहुधा सर्वात मागच्या सिलिंडरभोवती, थरांनी साचते. ब्लॉकच्या बाजूला पाणी काढायचा नळ किंवा बोल्ट असतो, तो थंड इंजिनावर उघडा. थेंबही आला नाही तर आत काय आहे हे समजलंच. तारेने टोकरा. तरीही येत नसेल तर ब्लॉकच्या बाजूच्या गोल पत्र्याच्या चकत्या, म्हणजे कोअर प्लग, काढून तिथून खरवडावं लागतं. चकतीची एक कड पंचने आत ठोकली की ती आडवी फिरते, मग पक्कडीने धरून ओढायची. आत पडू द्यायची नाही. नुसती रसायनं घालून हा घट्ट थर निघत नाही, हाताने उकरून पाण्याने धुवावाच लागतो. काम घाण आणि कंटाळवाणं आहे, पण त्यानंतर इंजिनाच्या तापमानात जो फरक पडतो तो नव्या रेडिएटरनेही पडत नाही.

रेडिएटर गरम असताना इन्फ्रारेड थर्मामीटर त्याच्यावरून ओळीने फिरवा. पाणी वरून खाली वाहत असेल तर तापमान वरून खाली हळूहळू उतरलं पाहिजे. मध्येच थंड डाग लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. वरच्या आणि खालच्या होजमधला फरकही बोलका असतो. फरक खूप मोठा असेल तर पाणी संथ फिरतंय, फरक अगदी कमी असून दोन्ही तापलेले असतील तर रेडिएटर उष्णता सोडत नाही. उतरवलेला रेडिएटर खालचं तोंड हाताने बंद करून भरा आणि हात काढा. पाणी धो-धो पडलं पाहिजे. सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणाने हलका थर विरघळतो, नंतर भरपूर पाण्याने धुवा. ॲल्युमिनियमचं हेड असेल तर ते द्रावण इंजिनात भरू नका. धुतल्यावर जुना रेडिएटर गळू लागला तर भोक आधीपासूनच होतं आणि क्षारांनी बुजलं होतं. अशा वेळी गळती बुजवणारी पावडर घालू नका. ती भोकाबरोबर बारीक नळ्याही बुजवते. रेडिएटरवाल्याकडून नवा कोअर बसवून घ्या.

पंप आणि होज चटकन तपासून होतात. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून पाणी झिरपलं तर आतलं सील गेलंय. पंखा धरून पुढे-मागे हलवा, बेअरिंगला खेळ असेल तर पंप बदला. खालचा होज पंपाच्या ओढीकडे असतो, आतली तार गंजून गेली असेल तर फेरे वाढवल्यावर तो चपटा होतो.

हेड गॅस्केट

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर, एक्झॉस्टमधून न थांबणारा पांढरा धूर आणि गोड वास, बाहेर न गळता कमी होणारं पाणी ही लक्षणं. पैकी दुधाळ थर एकटाच असेल तर थांबा, थंडीत फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो दमटपणामुळेही येतो. खात्री करायला रासायनिक चाचणी उत्तम. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून वरची हवा निळ्या द्रवातून ओढायची, जळलेला वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या दाबाच्या) चाचणीत शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी दाखवत असतील तर गॅस्केट त्यांच्या मधोमध उडालंय.

हेड काढताना नट मॅन्युअलमधल्या क्रमाने, थोडे थोडे सैल करा, आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच. काढलेल्या हेडवर सरळ पट्टी तिरकी, उभी, आडवी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवा. मॅन्युअलने मर्यादा दिली नसेल तर ०.०५ मिलिमीटरच्या पुढे अंतर गेलं की हेड प्लेन करायला द्या. नवं गॅस्केट बसवताना त्याची भोकं ब्लॉकच्या भोकांवर ठेवून बघा. काही गॅस्केट उलटी बसतात आणि पाण्याचे रस्ते बंद करतात. टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानेच आवळणारा) नसेल तर हे काम हाती घेऊ नका.

पुन्हा पाणी भरताना

गाडीचं तोंड थोडं उंचावर ठेवा, हीटरचा वाल्व्ह उघडा ठेवा, आणि सावकाश ओता. घाईने ओतलं तर हवा आत कोंडते आणि तिथे वाफ होऊन काटा वेड्यासारखा वर-खाली होतो. थंड इंजिन झाकणाशिवाय सुरू करा, मधूनमधून वरचा होज दाबा, बुडबुडे येऊ द्या. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरून झाकण लावा. आधी वीस मिनिटं उभ्या गाडीवर आयडल, मग एकसारख्या वेगाची फेरी, मग चढ. प्रत्येक वेळी थर्मोस्टॅटच्या घराचं तापमान वहीत लिहा, पुढच्या वेळी काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं तर तुलनेला आकडा हाताशी असेल. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी बघा आणि होजच्या क्लिपा एकदा आवळा, नवं रबर पहिल्या तापण्यात दबतं. हेड उघडलं असेल आणि मॅन्युअल तसं सांगत असेल, तर काही शे किलोमीटरनंतर हेडचे नट त्याच क्रमाने पुन्हा टॉर्क करा आणि टॅपेटचं (वाल्व्हचं) अंतर नव्याने लावा.